खुंटी क्रमांक दोन

खाली रस्त्यावर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि धाकटीने आपलं टेबल खिडकीकडे ओढायला घेतलं. ताईला निरोप देऊन जिना चढून वर आल्याला तिला दोन मिनिटंही झाली नव्हती. गेले दोन महिने त्या खिडकीपाशी ताईचं शिवणयंत्र ठाण मांडून बसलं होतं. टेबल बिचारं बाथरूमच्या दाराला चिकटून उभं होतं आणि आत जाणारा प्रत्येक जण त्याला एक धक्का देऊनच जायचा.

"अगं, निदान त्यांना कोपऱ्यावरून वळू तरी दे," पलंगावरून बाबा म्हणाले.

"मी फक्त बघतेय, मावतंय का ते."

"मावतं. बारा वर्षं मावत होतं."

टेबल मावलं. त्यावर तिने वह्या नीट रचल्या, परत उचलल्या, परत रचल्या. तिला खरं तर आनंद झाला होता आणि त्या आनंदाची तिला लाजही वाटत होती. ताई तिची सख्खी बहीण, त्यात तिची लेक चिऊ म्हणजे जीव की प्राण. पण दोन खोल्यांत पाच माणसं, सकाळी सहापासून शिवणयंत्राची खडखड, भावजींचं घोरणं, आणि ताईचं "तू अजून जेवली नाहीस?" हे दिवसातून चार वेळा. आपल्याच घरात आपण पाहुणे झालोय असं तिला वाटायला लागलं होतं.

ताईचं घर उतारावर होतं. वर डोंगराला धरून ठेवणारी जुनी दगडी भिंत, खाली घरांच्या रांगा, अगदी तळाशी फाटक. दोन महिन्यांपूर्वी भिंतीमागची पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली, माती भिजली आणि ताईची इमारत खचायला लागली. फार नाही, आठवड्याला एखादा मिलिमीटर. पण ऑफिसने पाच कुटुंबांना बाहेर काढलं. नियम असा होता की इमारतीभोवती मोजणीसाठी ठोकलेल्या खुंट्या सलग तीन आठवडे जागच्या हलल्या नाहीत, तर घर परत खुलं. ते तीन आठवडे काल पूर्ण झाले होते.

आणि हे ठरवणारं ऑफिस धाकटीचंच.

आता तिचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. उतारावर वरपासून खालपर्यंत चव्वेचाळीस पितळी खुंट्या ठोकलेल्या होत्या. सर्व्हेअर दुर्बीण लावून प्रत्येक खुंटीची उंची मोजायचा. मागच्या उंचीशी तुलना केली की फरक निघायचा. उणे म्हणजे खुंटी खचली, शून्य म्हणजे जागेवर, अधिक म्हणजे वर आली. आधी हे काम महिन्यातून एकदा व्हायचं, पाइप फुटल्यापासून दर गुरुवारी. हे फरक एका प्रोग्रामात जायचे आणि त्यातून एक कागद निघायचा. कागदावर तीन रकाने, खचले, जैसे थे, वर आले, आणि प्रत्येकाखाली नुसते खुंट्यांचे नंबर. साहेबांना आकडे नको असत. आकडे बघितले की त्यांचं डोकं उठायचं.

तो प्रोग्राम बाबांनी लिहिला होता, अकरा वर्षांपूर्वी, स्वतः सर्व्हेअर असताना. आणि तो होता एका ओळीचा. ज्या भाषेत लिहिला होता तिच्यात शब्द जवळजवळ नसतातच, नुसती चिन्हं. ऑफिसात सगळे त्याला 'किडामुंगी' म्हणत. बाबा मात्र त्या ओळीवर बेहद्द खूश. "बाकीच्या भाषांत एकेका आकड्याला बोटाला धरून चालवावं लागतं," ते म्हणायचे. "इथे अख्खी रांग एकदम उचलायची." बाबा निवृत्त झाल्यावर तिला किडामुंगी वाचता येत होती म्हणून ओळ तिच्याकडे आली. साहेबांनी दोनदा सुचवलं होतं की हे सगळं साध्या भाषेत लिहून घेऊ. दोन्ही वेळा ती तावातावाने भांडली होती. अकरा वर्षांत एक चूक दाखवा, असं ती भर मीटिंगमध्ये म्हणाली होती.

त्याच दिवशी, शुक्रवारी, ऑफिसात तिचं कशातच लक्ष लागेना. चहा आणला, तो निवला. दुसरा आणला, तोही निवला. पाय टेबलाखाली सारखा हलत होता, इतका की समोरच्या टायपिस्टबाई म्हणाल्या, "तुमच्या पायाने माझं अक्षर हलतंय हो."

"सॉरी."

"बहीण गेली म्हणून करमत नाही का?"

"तसंच काहीतरी," ती म्हणाली. ते अगदी उलट होतं. पण उलटंही पूर्ण खरं नव्हतं. सकाळपासून काहीतरी टोचत होतं, दातात अडकलेल्या कणासारखं, आणि जीभ सारखी तिकडेच जात होती. कालचा कागद तिने ड्रॉवरमधून पाचव्यांदा काढला.

ताईच्या इमारतीच्या खुंट्या एकतीस ते छत्तीस. सहाच्या सहा 'जैसे थे' या रकान्यात. काल हेच बघून तिने घरी फोन केला होता आणि ताईने फोनवरच चिऊला उचलून गिरकी घेतली होती. आज तिने प्रथमच बाकीचा कागद वाचला, एकेका नंबरावर बोट ठेवून. तिसऱ्या रकान्यात, 'वर आले' या मथळ्याखाली, शेवटचा नंबर होता दोन.

धाकटीचं बोट तिथेच थांबलं.

खुंटी क्रमांक दोन ती जन्मभर ओळखत होती. भिंतीच्या जरा अलीकडे, डोंगराचा अस्सल कातळ जिथे जमिनीतून डोकं काढतो तिथे, बाबांनी ती स्वतः छिद्र पाडून बसवली होती. सुट्टीच्या दिवशी बाबा तिला मोजणीला घेऊन जात तेव्हा त्या कातळावर बसून दोघं डबा खात. "ही आपली दोन नंबर," बाबा म्हणत. "डोंगर आहे तोवर ही हलायची नाही." तिची जागा म्हणजे मधला रकाना. अकरा वर्षं ती तिथेच होती.

कातळ काही वर येत नाही.

तिने मागच्या आठवड्याचा कागद काढला. दोन नंबर 'वर आले'मध्ये. त्याच्या मागच्या आठवड्याचा काढला. तिथेही तेच. तीन आठवडे कागदावर एक डोंगर वाढत होता आणि ती सहा नंबर बघून कागद खाली ठेवत होती. त्याच्याही आधीच्या आठवड्यात मात्र दोन नंबर शहाण्यासारखी मधल्या रकान्यात होती.

मधे बदललं काय? प्रोग्रामाला तर कोणी हात लावला नव्हता. बदलला होता सर्व्हेअर. बाबांच्या हाताखाली तयार झालेला जुना माणूस तीन आठवड्यांपूर्वी बदली होऊन गेला आणि त्याच्या जागी नवा आला होता. तिने त्याला फोन लावला.

"एक विचारायचं होतं. तुम्ही मोजणी कुठून सुरू करता?"

"खालच्या फाटकापासून. का हो?"

"खालून का?"

"बस खाली थांबते ना, म्हणून. चव्वेचाळीसपासून सुरू करतो, एकवर संपवतो. नंबर सगळे बरोबर लिहितो मी, मॅडम. काही चुकलं का?"

"नाही," ती म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही." आणि तिने घाईने फोन ठेवला.

कारण आता तिला ओळ दिसायला लागली होती. ओळ करते काय, तर प्रत्येक फरकाचं फक्त चिन्ह घेते आणि एकसारख्या चिन्हांचे गट पाडते. पण गट कुठल्या क्रमाने पाडते? जे चिन्ह रांगेत आधी भेटलं त्याचा गट पहिला, नंतर भेटलं त्याचा दुसरा, उरलं त्याचा तिसरा. उणे आधी आणि अधिक नंतर असं तिच्या मनात काही नसतं. बाबा मोजणी वरून सुरू करायचे. खुंटी एक भिंतीच्या कोपऱ्यावर, आणि तो कोपरा मुळातच भरावावर उभा असल्याने महिन्याला एक मिलिमीटर न चुकता खचत आलेला. म्हणून पहिला गट कायम खचलेल्यांचा. मग दोन नंबर, कातळ, शून्य. म्हणून दुसरा गट जैसे थे. उरले ते वर आलेले. बाबांनी त्याच क्रमाने मथळे छापले आणि अकरा वर्षं सगळं बिनबोभाट चाललं, कारण अकरा वर्षं प्रत्येक माणूस वरूनच उतरत आला.

खालून सुरुवात केली की पहिली खुंटी चव्वेचाळीस. फाटकाजवळची माती फुगून वर आली होती, म्हणजे अधिक. वर आलेले सगळे 'खचले'खाली गेले. नंतरची खुंटी त्रेचाळीस, ती खचलेली, म्हणून खचलेले सगळे 'जैसे थे'खाली. आणि जे खरोखर जागच्या जागी होते, कातळासकट, ते 'वर आले'खाली.

तिने मूळ आकडे उघडले. खुंटी तेहेतीस, दोन आठवड्यांपूर्वी उणे दोन. गेल्या आठवड्यात उणे चार. काल उणे सात.

वरचं खचतंय आणि तळ फुगतोय. याचा अर्थ शाळकरी वयापासून तिला पाठ होता. उतार सरकतो आहे.

तिने ताईला फोन लावला. वाजत राहिला. भावजींना लावला, तोही वाजत राहिला. दोघांचे हात यंत्राखाली असणार. बिडाचं ते धूड दोन माणसांशिवाय हलत नसे. ती उठली आणि साहेबांच्या केबिनकडे निघाली, आणि दारापाशी तिचा पाय अडखळला. आत जाऊन काय म्हणायचं ते तिला माहीत होतं. अकरा वर्षांत एक चूक दाखवा असं छातीठोकपणे सांगणारं तोंड तिचंच होतं. चार दिवस कळ काढली, गुपचूप ओळ दुरुस्त केली, पुढच्या गुरुवारी कागद बरोबर काढला, तर बाबांच्या नावाला बट्टा लागणार नव्हता. हा विचार तिच्या मनात आला. आला हे खरं आहे, आणि तो दार ढकलायला जेवढा वेळ लागतो तेवढाच टिकला हेही खरं आहे.

"साहेब, एकतीस ते छत्तीसची इमारत लगेच रिकामी करायला हवी. तिन्ही आठवड्यांचे कागद चुकीचे आहेत."

साहेबांनी चष्मा काढला. "सर्व्हेअरने घोळ घातला?"

"नाही. प्रोग्राम चुकला."

"तुमच्या बाबांचा?"

"हो. आणि कागद मी बघितला नाही. बघायला हवा होता."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी पुढे एक शब्द न विचारता फोन उचलला. "तुम्ही पुढे व्हा," ते म्हणाले. "मी माणसं पाठवतो."

बसमध्ये तिला बसवेना. जागा रिकामी असून ती दारापाशी उभी राहिली, प्रत्येक स्टॉपला उतरणाऱ्यांकडे असं बघत की जणू ते मुद्दाम सावकाश उतरताहेत. फाटकापासून इमारतीपर्यंतचा चढ ती पळत चढली.

दुसऱ्या मजल्यावर भावजी दाराला रंधा मारत होते. "ये ये," ते म्हणाले. "बंद पडून होतं ना, दार फुगलंय. लागतच नाही."

धाकटीने दाराकडे बघितलं. वरच्या बाजूला चौकट आणि फळी यांच्यात बोट जाईल एवढी फट, खालच्या बाजूला फळी चौकटीवर घासत होती. लाकूड फुगलं असतं तर सगळीकडून फुगलं असतं. चौकटच तिरकी झाली होती. जिन्यातल्या जुन्या भेगेवर ऑफिसने काचेची एक पट्टी चिकटवली होती, भेग वाढली तर पट्टी तुटावी म्हणून. येताना तिने बघितलं होतं, पट्टीचे दोन तुकडे झाले होते.

आत ताई स्टुलावर उभी राहून पडदा लावत होती. तोंडात टाचण्या, चेहऱ्यावर नुसता आनंद. चिऊ रिकाम्या खोलीत आवाज घुमतो का ते ओरडून बघत होती.

"ताई, खाली उतर. इथून निघायचंय. आत्ता."

ताईने टाचण्या हातावर काढल्या. "काय झालं?"

"कागद चुकला. घर खचतंय, आधीपेक्षा जास्त. मी वाटेत सांगते, पण आधी चल."

ताई तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरचा आनंद इतका हळूहळू उतरला की धाकटीला मान वळवावी लागली. मग ताई स्टुलावरून उतरली, चिऊला कडेवर घेतलं आणि भावजींना म्हणाली, "रंधा ठेवा. यंत्र राहू दे."

"यंत्र घेऊ," धाकटी म्हणाली. "मी धरते एक बाजू."

उरलेल्या चार घरांची दारं तिने स्वतः वाजवली. एका म्हातारबाबांनी तिला चांगलं फैलावर घेतलं. आम्ही काय बाहुल्या आहोत, उचललं की ठेवलं, ते म्हणाले. त्यांचं काहीच चूक नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि त्यांची पिशवी उचलली. चार वाजेपर्यंत इमारत रिकामी झाली आणि साहेबांच्या माणसांनी जिन्याला साखळी लावली.

ताई आणि भावजी टेम्पोने यंत्र घेऊन मागून येत होते. पुढे घरी पोचून तिने आधी बाबांना सांगितलं. बाबा पलंगावर ताठ बसले.

"ओळ बरोबर आहे," ते म्हणाले. "त्याने क्रम मोडला. मोजणी वरून सुरू करायची असते."

"असं कुठे लिहिलंय, बाबा?"

"लिहायला कशाला हवं? सगळ्यांना माहीत होतं."

"सगळे म्हणजे तुम्ही आणि तुमचा तो जुना माणूस."

बाबांची बोटं गुडघ्यावर वाजत राहिली, एक, दोन, तीन, एक, दोन, तीन. मग ते म्हणाले, "मला ठाऊक होतं गं. पहिल्या दिवसापासून. क्रम आपोआप नीट पडतोय असं दिसलं, म्हणून ओळ तेवढीच ठेवली. छोटी दिसत होती. सुंदर दिसत होती." आवाज बसला होता. "छोट्या ओळीपायी आज चिऊ..."

"झालं ते झालं. आता दुरुस्त कशी करू ते सांगा."

"रांगेच्या तोंडाशी तीन खोट्या खुंट्या उभ्या कर. एक खचलेली, एक शून्य, एक वर आलेली. मग कोणी कुठूनही मोजो, गट त्याच क्रमाने पडतील. शेवटी प्रत्येक गटातली पहिली काढून टाक."

"आणि एखाद्या आठवड्यात वर आलेली एकही नसली तर?"

"तर रकाना रिकामा राहील. पण राहील. त्याची जागा कोणी घेणार नाही." बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "ओळ लांब होईल. होऊ दे."

तेवढ्यात जिन्यात यंत्र आदळल्याचा आवाज आला आणि धाकटीला एकदम टेबलाची आठवण झाली. ती उठेपर्यंत ताई आणि भावजी दारात होते. यंत्र उंबऱ्यावर ठेवून ताईने मान वर केली आणि खिडकीकडे बघितलं. टेबल ऐटीत उभं होतं, वह्या रचून, फुलदाणीसुद्धा ठेवून. भावजी समजूतदार माणूस, ते लगेच चिऊला पाणी द्यायला आत गेले.

"कधी सरकवलंस?" ताईने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "टेम्पो सुरू झाला तेव्हा."

"थांबली नाहीस."

"नाही." अर्ध्यावर सोडायचं नाही असं तिने ठरवलं. "ताई, तीन आठवडे मी त्या कागदावर फक्त तुझे सहा नंबर बघत होते. बाकीचा कागद वाचलाच नाही. एक रकाना जरी पुढे वाचला असता तरी कळलं असतं. तू जावीस असं वाटत होतं मला. इतकं, की मी बघितलंच नाही."

ताई यंत्रावर बसली. पदराने तोंड पुसलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि राग नाही हेच धाकटीला सोसवेना.

"बुधवारी मी झाडायला गेले होते तिकडे," ताई खालच्या आवाजात म्हणाली. "जिन्यातली काच तेव्हाच तुटलेली होती."

"बुधवारी?"

"कुणाच्या तरी सामानाचा धक्का लागला असेल म्हटलं. तुला सांगायचं होतं. घरी येईपर्यंत ठरवलं की नाही सांगायचं. तू परत मोजायला लावलं असतंस, परत तीन आठवडे." ती चिऊच्या दिशेने बघत होती. "मलाही जायचं होतं गं. तुझ्या टेबलाला धक्का देऊन देऊन कंटाळले होते मी."

आतून चिऊचा आवाज आला, आज इथेच झोपायचं का आपण, आणि भावजींचा, हो.

धाकटीने फुलदाणी उचलून पलंगाखाली ठेवली. वह्या बाबांच्या मांडीवर दिल्या. ताई उठली आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"बाथरूमच्या दारापाशी नको," ती म्हणाली. "यंत्र जरा तिरकं लावलं तर दोन्ही मावतील खिडकीपाशी. मी मागेच मोजलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. धर."